चालत्या गाडीचा पिकअप जातो तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घाटात दम टाकते, ओव्हरटेक करताना ओढत नाही, चालता चालता झटके देते आणि थोड्या वेळाने काही झालेच नाही अशी पुन्हा धावू लागते, अशा तक्रारी वाचक वर्षभर पाठवत असतात. त्यांतले जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या बाबतीत एक गोष्ट सारखीच आढळते, ती म्हणजे दोष नेमका कधी आणि कसा होतो हे पाहण्याआधीच दोन-तीन सुटे भाग बदलून झालेले असतात. म्हणून या उत्तरांत भाग बदलण्यापेक्षा दोष ओळखण्यावर अधिक भर आहे. येथे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेतला धरावा.

प्रश्न १. महामार्गावर गाडीची ताकद अचानक गेली तर पहिल्या मिनिटात काय करावे?

चारही इंडिकेटर एकदम लावावेत, आरसा पाहून गाडी डावीकडे घ्यावी आणि जो वेग शिल्लक आहे तो वापरून रस्त्याच्या कडेला जितके बाहेर जाता येईल तितके जावे. इंजिन पूर्ण बंद पडले असेल तर स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोन वेळा पेडल दाबेपर्यंतच पुरते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न पंपता एकदाच दाबून धरावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

घाटात चढावर थांबावे लागले तर हँडब्रेक ओढावा, मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, पुढची चाके डोंगराच्या बाजूला वळवावीत आणि मागच्या चाकाला दगड लावावा. वाहत्या रस्त्याच्या कडेला गाडीत बसून राहणे धोक्याचे असते. सर्वांनी डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे आणि लाल त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. बॉनेट उघडून दोष शोधायचा तो यानंतर.

प्रश्न २. ‘पिकअप गेला’ म्हणजे नेमके काय गेले, हे कसे ओळखायचे?

या एका तक्रारीखाली चार वेगवेगळे दोष येतात आणि ते वेगळे केले की अर्धे निदान झालेच म्हणून समजावे. पहिल्या प्रकारात इंजिनच अशक्त झालेले असते: अॅक्सिलरेटर दाबला तरी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा, काटा हळूहळू चढतो आणि आवाज दबलेला येतो. याचा अर्थ हवा, इंधन किंवा ठिणगी यांपैकी काहीतरी कमी पडते आहे, किंवा धुराची वाट तुंबली आहे. दुसऱ्या प्रकारात इंजिनाची ताकद मुद्दाम रोखलेली असते. गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, एखादी गोष्ट धोक्याची वाटली की तो इंजिनाला ठरावीक आरपीएमच्या पुढे जाऊ देत नाही. यालाच लिंप मोड म्हणतात. येथे ताकद हळूहळू न जाता भिंत लागावी तशी एका आकड्यावर अडते आणि बहुतेक वेळा गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर काही वेळ ठीक चालते.

तिसऱ्या प्रकारात इंजिन ठणठणीत असते, आरपीएम झपाट्याने वाढतो, पण वेग वाढत नाही, म्हणजे ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही (प्रश्न १३). चौथ्या प्रकारात ताकद पोहोचते, पण गाडीला काहीतरी मागे ओढून धरते (प्रश्न १४). या चारांपैकी तुमची गाडी कोणत्या प्रकारात बसते हे ठरवायला आरपीएमचा काटा आणि कान पुरेसे आहेत.

प्रश्न ३. गॅरेजमध्ये नेण्याआधी मी कोणत्या गोष्टी टिपून ठेवू?

इंजिन थंड होते की तापलेले, किती आरपीएम आणि कोणता गिअर होता, चढ होता की सपाटी, अॅक्सिलरेटर अर्धा दाबला होता की पूर्ण, एसी चालू होता का, टाकीत इंधन किती होते आणि ते कोठे भरले होते, धूर आला असल्यास काळा, निळा की पांढरा, आणि डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला, एवढ्या गोष्टी टिपाव्यात. शेजारी बसलेल्या माणसाने काट्यांचा आणि दिव्यांचा मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर फारच उत्तम. ‘गाडी ओढत नाही’ असे सांगितले की मेकॅनिक अंदाज बांधतो. ‘तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, पूर्ण अॅक्सिलरेटरला, २,५०० आरपीएमवर अडते’ असे सांगितले की तो थेट दोन-तीन ठिकाणीच पाहतो.

प्रश्न ४. पिवळा इंजिन लाइट लागला आहे, पण गाडी चालते. तशीच चालवत राहू का?

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर जपून घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. पेट्रोल गाडीत तो लुकलुकत असेल तर मात्र वेग कमी करून लवकरात लवकर थांबावे. लुकलुकणारा दिवा बहुतेक गाड्यांत असे सांगतो की एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न जळताच बाहेर पडते आहे. ते इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी वितळवते. त्यामुळे काही शे रुपयांच्या प्लगचे दुखणे काही हजारांच्या भागावर जाते. तापमानाचा किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर त्याच क्षणी थांबून इंजिन बंद करावे, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये.

बॅटरीच्या दिव्यासकट तीन-चार दिवे एकदम लागले, हेडलाइट मंद झाले आणि गाडी अडखळू लागली, तर आधी व्होल्टेज मोजावे. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांशी साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. त्याहून बरेच कमी असतील तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा अर्थिंगची वायर पाहावी. अपुऱ्या व्होल्टेजवर ईसीयू भलतेच दोष दाखवतो आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

प्रश्न ५. स्कॅनरने जो कोड दाखवला तोच भाग बदलला, तरी दोष गेला नाही. मग स्कॅनर खोटा का?

स्कॅनर खोटा नव्हता, कोडचा अर्थ चुकीचा लावला गेला. कोड तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी आहे, एवढेच. ते फाटलेल्या इनटेक पाइपमुळे, घाण बसलेल्या एअर-फ्लो सेन्सरमुळे किंवा दमलेल्या फ्युएल पंपामुळेही असू शकते. ऑक्सिजन सेन्सरने ही बातमी आणली म्हणून ऑक्सिजन सेन्सरच बदलणे म्हणजे तार आणणाऱ्या पोस्टमनला दोष देण्यासारखे आहे. तसेच ‘पी०२९९’ म्हणजे टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. टर्बो खराब आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही (प्रश्न ८).

कोड पुसण्याआधी त्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमची नोंद पाहायला सांगावे. दोष नोंदवला गेला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनावरचा भार आणि तापमान तिच्यात असते. घाईने कोड पुसला की हा पुरावाही जातो. ज्यांना हौस आहे त्यांनी मोबाइलला जोडता येणारा, ईसीयूतले कोड वाचणारा छोटा ओबीडी स्कॅनर जवळ ठेवावा. गाडीत त्याचे सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला असते.

प्रश्न ६. पेट्रोल गाडी चढावर झटके देते, मेकॅनिक ‘मिसिंग आहे’ म्हणतो. सुरुवात कोठून करावी?

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटणे. सुरुवात प्लगपासून करावी, कारण ते स्वस्त असतात, उघडून डोळ्यांनी पाहता येतात आणि भार पडल्यावरच त्यांची दुर्बलता उघडी पडते. साधे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे एक लाखाच्या आसपासही जातात. बाहेर काढलेले चारही प्लग कोणत्या सिलिंडरचा कोणता हे लक्षात ठेवून ओळीने मांडावेत. टोकाला फिकट तपकिरी रंग असेल तर ज्वलन ठीक आहे. एकच प्लग कोरडा काळा किंवा पेट्रोलने ओला असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे, आणि चारही पांढरेफटक असतील तर इंधन कमी पडते आहे.

दोष प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलचा आहे की नाही हे नवी कॉइल विकत न घेताही कळते. समजा ‘पी०३०२’ हा कोड आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी त्याच चढावर न्यावी. आता कोड ‘पी०३०३’ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब आहे. कोड जागचा हलला नाही तर त्या सिलिंडरचा प्लग आणि इंधन फवारणारा इंजेक्टर पाहावा आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावे. प्लगच्या विहिरीत ऑइल उतरलेले दिसले तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलल्याशिवाय नवी कॉइलही फार दिवस टिकणार नाही.

मिसिंग बरेच दिवस अंगावर काढले असेल, आता झटके थांबूनही गाडी गुदमरल्यासारखी चालत असेल आणि गाडीखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत असेल, तर कन्व्हर्टरची जाळी तुटून वाट अडली आहे असे समजावे. त्याच्या आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकाला प्रेशर गेज लावले की तुंबलेला दाब आकड्यात दिसतो.

प्रश्न ७. गाडी तासभर उत्तम चालते, मग घाटात बंद पडते आणि वीस मिनिटांनी पुन्हा चालू होते. हे काय आहे?

तापल्यावर काम सोडणारे दोन भाग येथे संशयित असतात: टाकीतला फ्युएल पंप आणि इंजिनाच्या मुख्य दांड्याचे फिरणे टिपणारा क्रँकशाफ्टचा सेन्सर. बंद पडतानाची पद्धत पाहून त्यांतला फरक करता येतो. पंप दमत असेल तर गाडी आधी पूर्ण अॅक्सिलरेटरला ओढेनाशी होते, मग झटके देते आणि शेवटी बंद पडते. क्रँक सेन्सर गेला तर कसलीही सूचना न देता इंजिन बटण दाबल्यासारखे बंद होते, आणि गाडी गिअरमध्ये असून चाके इंजिनाला फिरवत असतानाही आरपीएमचा काटा शून्यावर पडतो. हा काटा पाहून ठेवावा.

पंपाची खात्री प्रेशर गेजनेच करावी आणि तीही दोष चालू असताना. साध्या पेट्रोल गाडीत इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, ३ ते ४ बारच्या आसपास दाब टिकायला हवा. गॅरेजमध्ये थंड इंजिनावर मोजलेला दाब बरोबर आला म्हणून पंप निर्दोष ठरत नाही. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पंपाला थंड ठेवण्याचे काम टाकीतले पेट्रोलच करते.

प्रश्न ८. टर्बो डिझेल गाडी २,५०० आरपीएमच्या पुढे जात नाही. टर्बो बदलावा लागेल असे सांगितले आहे. खरे आहे का?

असू शकते, पण टर्बो हा संशयितांच्या यादीत शेवटचा असावा. हा धडा मी कसाऱ्याच्या घाटात शिकलो. सपाटीला गाडी उत्तम चालायची, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ‘फुस्स’ असा आवाज यायचा, आरशात काळसर धूर दिसायचा आणि गाडी लिंप मोडमध्ये जायची. एका गॅरेजने ‘पी०२९९’ पाहून नव्या टर्बोचा खर्च काढून दिला. त्याला दुजोरा मिळावा म्हणून मी ती गाडी एका जुन्या डिझेल मिस्त्रींकडे नेली. त्यांनी स्कॅनर बाजूला ठेवून टॉर्च हातात घेतला आणि टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत व तेथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या जाड रबरी होजवरून बोट फिरवत गेले. इंजिनाकडच्या क्लिपजवळ त्यांचे बोट तेलकट आणि काळे झाले. तेथे धूळ ओल्या काजळीसारखी एका रेषेत चिकटली होती. क्लिप सैल करून होज वाकवला तेव्हा तिच्या बरोबर खाली बोटाच्या पेराएवढी चीर दिसली. इंजिन शांत असताना ती मिटलेली असायची आणि टर्बोचा दाब चढला की ओठासारखी उघडायची. होज बदलला आणि गाडी पूर्ववत झाली.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधी एअर फिल्टर आणि त्याचा डबा पाहावा. नंतर सर्व होज आणि क्लिपा तपासाव्यात. होजच्या आत तेलाचा पातळ थर असणे नेहमीचे आहे, तेल बाहेर दिसले की गळती समजावी. शक्य असेल तर इनटेक बंद करून आत थोड्या दाबाने हवा भरावी आणि बाहेरून साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे जागा दाखवतात. मग टर्बोच्या अॅक्च्युएटरकडे, म्हणजे त्याचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या पाहाव्यात. उंदीर याच नळ्या हमखास कुरतडतात. त्यानंतर अॅक्च्युएटरची दांडी मोकळी हलते का, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला आहे का आणि दाब मोजणारा सेन्सर बरोबर आकडा देतो का, हे पाहावे. एवढे झाल्यावरही दाब मिळत नसेल, तर टर्बोच्या दांड्याला आडवी ढिलाई आहे का आणि पाती घासली आहेत का ते तपासण्यासाठी तो उघडावा.

प्रश्न ९. बीएस-६ डिझेल गाडी फक्त शहरात चालते आणि अधूनमधून ताकद कमी करते. डीपीएफचा दिवा लागतो. उपाय काय?

डीपीएफ ही धुरातली काजळी अडवणारी गाळणी आहे. ती भरत आली की गाडी जास्तीचे डिझेल वापरून गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. यासाठी काही वेळ सलग, एकसारख्या वेगाने चालणे लागते. घर ते कार्यालय पाच किलोमीटर, तेही सिग्नलवर थांबत, अशी गाडी असेल तर हे काम प्रत्येक वेळी अर्धवट राहते. दिवा लागल्यावर मोकळ्या रस्त्यावर साधारण ताशी ६० किलोमीटरच्या वर, आरपीएम २,०००च्या आसपास राहील असा गिअर ठेवून, १५ ते २० मिनिटे गाडी चालवावी आणि दिवा जाईपर्यंत इंजिन बंद करू नये. थांबलेल्या गाडीचे आयडलिंग नेहमीपेक्षा जास्त, पंखा जोरात चालू आणि जळका, गरम वास, अशी लक्षणे दिसली तर स्वच्छता सुरू आहे असे समजावे आणि अशा वेळी गाडी सुक्या गवतावर उभी करू नये.

दिव्याकडे दुर्लक्ष केले तर गाडी लिंप मोडमध्ये जाते आणि मग स्कॅनरने सक्तीची स्वच्छता करून घ्यावी लागते. मोकळ्या रस्त्यावर नेऊनही दिवा पुन्हा पुन्हा लागत असेल तर काजळी जास्त का तयार होते ते शोधावे: गळणारा इंजेक्टर, अडकलेला ईजीआर, फाटलेला होज किंवा डीपीएफला न चालणारे ऑइल. डिपस्टिकही पाहावी. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते, त्यामुळे पातळी खुणेच्या वर गेली असेल तर ऑइल बदलणे अपरिहार्य आहे.

प्रश्न १०. डीपीएफ आणि ईजीआर कायमचे काढून टाकले तर कटकट संपेल ना?

तसे करू नये. गाडीच्या प्रदूषण नियंत्रणात असा फेरफार करणे मोटार वाहन कायद्याच्या विरुद्ध आहे, त्याने वॉरंटी जाते आणि जो धूर तुमच्या गाडीतून निघतो तो तुमच्याच गल्लीतली मुले श्वासातून घेतात. शिवाय गाळणी भरण्याचे मूळ कारण इंजिनातच राहते, ते प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे शोधावे.

प्रश्न ११. पंपावर इंधन भरल्यावर लगेचच गाडी ओढेनाशी झाली. भेसळ की ई-२० पेट्रोल?

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ई-२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, प्रतिलिटर ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. मायलेजमध्ये थोडी घट याने समजते, पण गाडीने घाटात अचानक दम टाकणे याने समजत नाही. जुन्या गाडीत मात्र इथेनॉल टाकीतला साचलेला मळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. ते पाणीही शोषून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, तेथूनच पंप इंधन ओढतो.

डिझेल गाडीत पाण्याचा धोका मोठा आहे. आजच्या डिझेल गाड्यांत इंधन फवारणाऱ्या कॉमन रेल यंत्रणेत दाब १,६०० बार किंवा त्याहून जास्त असतो आणि पंप व इंजेक्टर यांच्या भागांना वंगण डिझेलचेच मिळते, पाण्याने ते घासून खराब होतात. फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा लागला की गाडी थांबवून फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करावा आणि निघालेले द्रव पारदर्शक बाटलीत धरावे. थोडा वेळ ठेवले की पाणी खाली आणि डिझेल वर असा स्पष्ट थर दिसतो. ही बाटली आणि पावती जपून ठेवावी. पेट्रोलच्या भेसळीची शंका असेल तर पंपावरच फिल्टर पेपरची चाचणी मागता येते, तो ग्राहकाचा हक्क आहे.

प्रश्न १२. सीएनजीवर गाडी चढावर मरते, पेट्रोलवर ठीक चालते. किट खराब आहे का?

सीएनजीवर सुमारे दहा टक्के किंवा थोडी जास्त ताकद कमी मिळणे स्वाभाविक आहे, कारण वायू इनटेकमध्ये जागा व्यापतो आणि तेवढी हवा कमी आत जाते. त्याहून अधिक फरक असेल तर एकाच चढावर, एकाच गिअरमध्ये दोन्ही इंधनांवर गाडी चालवून पाहावी. दोन्हींवर मरत असेल तर एअर फिल्टर, प्लग, क्लच असे सामाईक भाग पाहावेत. फक्त सीएनजीवर मरत असेल तर गॅसचा फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर आणि गॅस इंजेक्टर तपासावेत.

येथे एक अपवाद आहे आणि तो पुष्कळांना चकवतो. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा दुबळी कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि सीएनजीवर उघडी पडते. म्हणून किट उघडण्याआधी प्रश्न ६ मधली प्लगची तपासणी करावी. उलट प्रकारही होतो: महिनोन्‌महिने केवळ सीएनजीवर चालवलेल्या गाडीतले पेट्रोल शिळे होते आणि पेट्रोलवर टाकताच ती अडखळते. रोज सुरुवातीचे काही किलोमीटर पेट्रोलवर चालवले तर हे टळते. लाखभर किलोमीटर सीएनजीवर झाले असतील तर व्हॉल्व्हचे क्लिअरन्स आणि कॉम्प्रेशनही मोजून घ्यावे.

प्रश्न १३. आरपीएम भराभर वाढतो, पण वेग वाढत नाही. हे इंजिनाचे दुखणे आहे का?

नाही, क्लच प्लेट घसरते आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगात असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएम वेगाबरोबर हळूहळू चढला तर क्लच चांगला आहे. वेग तेवढाच राहून काटा एकदम उडाला आणि मागून जळका वास आला तर प्लेट संपली आहे. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप चालवणाऱ्या) आणि दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्या चढावरच्या कोंडीत अॅक्सिलरेटरवर तोलून धरल्या की क्लच तापतो आणि गाडी ताकद कापते किंवा तशी सूचना दाखवते. अशा वेळी ब्रेक धरून थांबावे, न्यूट्रलमध्ये टाकून क्लच थंड होऊ द्यावा.

प्रश्न १४. इंजिनाचा आवाज चांगला आहे, पण गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी चालते.

आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का आणि टायरमध्ये हवा आहे का ते पाहावे. नंतर दहा किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक वापरून गाडी चालवावी, थांबावे आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात न्यावा, रिमला हात लावू नये. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले तर त्याचा ब्रेक जॅम आहे. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत कॅलिपरच्या पिना गंजून असे वारंवार होते. पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावणे हे तासाभराचे काम आहे.

एक अवघड अपवादही सांगितला पाहिजे. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले तर अनेक नव्या गाड्या सुरक्षेसाठी इंजिनाची ताकद कमी करतात. ब्रेक पेडलचा स्विच बिघडला असेल तर पाय ब्रेकवर नसतानाही गाडीला तसे वाटते. अंधारात मागच्या भिंतीवर पाहावे: ब्रेक लाइट आपोआप लागत किंवा लुकलुकत असतील तर दोष त्या छोट्या स्विचमध्ये आहे.

प्रश्न १५. सर्व्हिसिंग करून आणल्यापासूनच पिकअप कमी झाला. योगायोग समजू का?

योगायोग समजू नये. ज्या भागांना हात लागला तेच पुन्हा पाहावेत: एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण नीट बसले का, एअर-फ्लो सेन्सरचे कनेक्शन लावले का, इनटेकची क्लिप आवळली का. थ्रॉटल बॉडी साफ केली किंवा बॅटरी काढली असेल तर काही गाड्यांत थ्रॉटलची जागा स्कॅनरने पुन्हा शिकवावी लागते. टायमिंग बेल्ट बदलला असेल आणि गाडी सर्वच आरपीएमवर मलूल झाली असेल, तर टायमिंग एका दात्याने चुकल्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी आणि तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नये. आणि सर्वांत आधी पायाखालचे मॅट उचलून पाहावे. जुन्या मॅटवर नवे जाड मॅट टाकले की अॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दबतच नाही, आणि या कारणाने गॅरेजच्या खेपा घातलेले लोक मी पाहिले आहेत.

प्रश्न १६. साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी गचके देऊन बंद पडली. पुन्हा चालू करून पाहू का?

मुळीच नाही. इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर पाणी दाबले जात नाही आणि स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी आणि टोइंगने न्यावी. प्लग किंवा इंजेक्टर काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्यावरच ते चालू करता येते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा धरले जात नाही, इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

प्रश्न १७. महाबळेश्वरला गाडी अशक्त वाटते, खाली वाईत ठीक असते. दोष आहे का?

टर्बो नसलेल्या गाडीत हे नैसर्गिक आहे. दर हजार मीटर उंचीला हवेची घनता सुमारे दहा टक्क्यांनी घटते आणि ताकदही त्याच प्रमाणात कमी होते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर असल्याने तेथे जवळजवळ तीस टक्के ताकद जाते. टर्बो गाडीला हा फरक पुष्कळ कमी जाणवतो, म्हणून टर्बो गाडी महाबळेश्वरातच मलूल होत असेल तर प्रश्न ८ कडे वळावे.

प्रश्न १८. एसी लावला की गाडी ओढत नाही.

लहान इंजिनाच्या गाडीत थोडा फरक पडणारच. फरक अलीकडे वाढला असेल तर कॉम्प्रेसरचे बेअरिंग आणि कंडेन्सरचा पंखा पाहावा. पंखा बंद असेल तर कॉम्प्रेसरवरचा भार आणि इंजिनाचे तापमान दोन्ही वाढतात.

प्रश्न १९. गाडी मरते, टाकीचे झाकण उघडले की ‘स्स’ आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालते. हे शक्य आहे का?

शक्य आहे. इंधन वापरले जाते तशी टाकीत हवा यावी लागते. झाकणातला किंवा वाफेच्या नळीतला व्हॉल्व्ह तुंबला तर टाकीत निर्वात होतो आणि पंपाला इंधन ओढता येत नाही. लक्षणे प्रश्न ७ मधल्या दमलेल्या पंपासारखीच दिसतात, म्हणून पंप बदलण्याआधी झाकण उघडून पाहण्याची ही फुकटची चाचणी करावी. किरकोळ आवाज मात्र नेहमीचा असतो. झाकण उघडल्याने गाडी सुधारली तरच त्याला अर्थ आहे.

प्रश्न २०. जुनी टॅक्सी विकत घेतली, ती ८०च्या पुढे जातच नाही.

बहुतेक व्यावसायिक वाहनांना ताशी ८० किलोमीटरचा वेगमर्यादक बसवलेला असतो आणि तो नेमका तेथेच गाडी अडवतो. ८० पर्यंतचा पिकअप चांगला असेल तर गाडीत दोष नाही. गाडी खासगी नोंदणीत आणली असेल तर मर्यादक काढण्याविषयी आरटीओकडे विचारावे. मात्र मर्यादकाची घाईने जोडलेली वायरिंग सैल झाली तर ८०च्या खालीही गाडी अडखळते, तेथे ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवावे.

प्रश्न २१. दोष आठवड्यातून एकदाच होतो आणि गॅरेजमध्ये कधीच दिसत नाही. काय करावे?

हा सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि यातच लोकांचे सर्वाधिक पैसे जातात. दोष दिसत नसताना एकही भाग बदलू देऊ नये. प्रश्न ३ मधल्या नोंदी तीन-चार वेळच्या जमल्या की त्यांतून काहीतरी समान निघते: नेहमी तापल्यावर, नेहमी पावसात, नेहमी डावीकडे वळताना, नेहमी पाव टाकीच्या खाली. वळताना होणारा दोष बहुधा ताणल्या जाणाऱ्या वायरचा किंवा टाकीत हेलकावणाऱ्या इंधनाचा असतो. पावसात होणारा दोष कॉइल, कनेक्टर आणि अर्थिंगकडे बोट दाखवतो.

त्यानंतर मेकॅनिकला शेजारी बसवून, स्कॅनरची नोंद चालू ठेवून, गाडी त्याच रस्त्याने आणि त्याच परिस्थितीत चालवावी. यासाठी त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी आनंदाने द्यावी, ती कोणत्याही चुकीच्या सेन्सरपेक्षा स्वस्त पडते. तेवढ्यानेही दोष सापडला नाही तर इंजिन चालू ठेवून वायरिंगचे जुडगे एकेक करून हलवावे, कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट गंज आहे का पाहावा आणि उंदरांनी कुरतडलेल्या खुणा शोधाव्यात. कुरतडलेली तार जोडताना नुसती टेप गुंडाळू नये. तांबे साफ करून डाग द्यावा आणि वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तोच दोष तेथेच परत येतो.